वाळूच्या दांड्यावर भाड्याचा तंबू: संच चांगला, खुंट्या निकामी

दादर पश्चिमेच्या एका दुकानात भाड्याने मिळणारा हा संच: दोन माणसांचा घुमटाकार तंबू, वरचं फ्लायशीट (दव-पाऊस अडवणारं बाहेरचं आवरण), फायबरच्या दोन काठ्या, खुंट्या, चार ताणदोऱ्या, खाली अंथरायची ताडपत्री आणि गॅसची छोटी शेगडी. किल्ल्याच्या माचीवर नेणार असाल तर बिनधास्त घ्या. पण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये ना नळ, ना टपरी, ना आडोसा, अशा वाळूच्या दांड्यावर तो आहे तसा नेलात तर रात्रभर तंबू हाताने धरून बसावं लागेल.

दोष तंबूचा नाही, खुंट्यांचा आहे. त्या वीतभर लांबीच्या, पेन्सिलीहून बारीक पोलादी सळ्या आहेत. मुरमात त्या घट्ट बसतात, पण कोरड्या वाळूत दोन बोटांनी उपसल्या जातात. दुकानदाराने खरं तर विचारायला हवं की तंबू कुठे लावणार. तो विचारत नाही, म्हणून तयारी आपणच करायची.

तांदळाच्या पाच किलोच्या आठ कापडी पिशव्या घ्या, चार कोपऱ्यांना आणि चार ताणदोऱ्यांना. पिशवीत वाळू भरून तोंड आवळा आणि दोरी तोंडाला नव्हे, पिशवीच्या कमरेला बांधा. कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा करून पिशवी दोरीला आडवी ठेवा. मग वाळू लोटत, वर समुद्राचं पाणी ओतत पायाने तुडवा. ओली वाळू एकमेकीला धरते, कोरडी वाहते, सगळा फरक तिथेच आहे. प्लास्टिकची पिशवी नको, ती गुळगुळीत असल्याने सरकते. वाऱ्याच्या बाजूच्या पिशव्या आधी पुरा आणि काठ्या नंतर उभ्या करा, नाहीतर तंबूचा पतंग होतो. हिवाळ्यात दुपारनंतर वारा समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो आणि रात्री उलटून जमिनीकडून वाहतो, म्हणून दार दक्षिणेला ठेवलेलं बरं.

काठ्या जोडताना प्रत्येक सांधा फडक्याने पुसा. कण अडकला की काठी नळीत पूर्ण बसत नाही आणि वाकवताना तिथेच चिरते. संचात दुरुस्तीची नळी नाही. काठीवर सरकेल असा वीतभर पाइप आणि चिकटपट्टी सोबत असू द्या.

चेन हा या तंबूचा सगळ्यात नाजूक भाग आहे. दातांत वाळू असताना ओढली की पकड सैल होते, आणि मग चेन लावली तरी मागून उघडत जाते. जुन्या टूथब्रशने दात झाडा, मेणबत्ती घासा. तेल अजिबात नको, त्याला वाळू आणखी चिकटते. फ्लायशीट मात्र चांगलं आहे. दव भरपूर पडतं, तरी दोन्ही झरोके उघडे ठेवले आणि आतलं कापड फ्लायशीटला टेकू दिलं नाही, तर आत थेंब गळत नाहीत.

तंबू कुठे लावायचा हे मर्यादवेल सांगते. जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानांची ही वेल जिथे दाट पसरते, तिथवर रोजचं पाणी सहसा येत नाही. तंबू तिच्या मागे, मोकळ्या वाळूत. वेलीवर नको, कारण वाळू तीच धरून ठेवते. भरतीच्या वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, मुंबईकडे प्रत्यक्षात बाराच्या आसपास, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे उधाणाचं पाणी ऐन झोपेत येतं, आणि उधाणाला मुंबईत ते साडेचार मीटरच्या वर चढतं. दांड्यावर धोका समोरून कमी, मागून जास्त. खाडीकडचा सखल भाग आधी भरतो आणि परतीची वाट तुटते. अष्टमीच्या आसपास जा, भांगेला, म्हणजे त्या दिवसांतल्या लहान भरतीला, पाण्याची चढउतार कमी असते.

शेगडी चालते, पण लोकल किंवा रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा डबा नेता येत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी न्या. रस्त्याने किंवा गावात डबा मिळवून शेगडी पेटवणार असाल तर वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करा. चारी बाजूंनी वेढलं की डबाही तापतो. पाणी दोघांना एका रात्रीसाठी दहा लिटर. ते दहा किलो वजन बोटीपासून तंबूपर्यंत वाळूतून वाहायचं आहे, हे आधी मनात धरा. मुक्कामाची परवानगी ग्रामपंचायतीत विचारा. हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, म्हणून दिव्याचा झोत समुद्राकडे टाकू नका.

परत देताना दुकानदार तंबू उलटा करून झटकतो, आणि वाळू पडली की अनामतीतून पैसे कापतो. म्हणून घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि काठ्यांच्या नळ्यांत फुंकर मारून मगच बॅगेत भरा.