वीज कंपनीचा माहिती कक्ष : पाचपैकी दोन स्टार

संरक्षित उद्यानातून नवी उच्चदाब वाहिनी न्यायची, म्हणून कंपनीने लोकांसाठी माहिती कक्ष उघडलाय. मांडणी झकास, माणसं गोड बोलणारी. एक स्टार त्याचा.

खरी गोम नकाशात आहे. मनोऱ्यांचे ठिपके दाखवलेत, पण तारांखाली झाडं तोडून कायमचा मोकळा ठेवावा लागणारा पट्टा रंगवलेलाच नाही. जंगल दुभंगतं ते त्या पट्ट्यामुळे. ऊन-वारा आत शिरतो, कडेला तण माजतं. शेजारच्या चित्रात मात्र मनोऱ्याच्या पायाशी हरणं खुशाल चरताहेत!

पक्षी तारांवर आदळतात त्याचं विचारलं तर "तारांवर परावर्तक लावू", म्हणजे तार लांबून दिसावी म्हणून लटकवायच्या खुणा, एवढंच. त्याने धडका कमी होतात, थांबत नाहीत. माळढोकाच्या कुळातल्या जड पक्ष्यांना उडताना समोरचं नीट दिसत नाही. सगळ्यात वरची बारीक भूतार, म्हणजे आकाशातली वीज झेलून जमिनीत नेणारी तार, तर नाहीच.

मग मी विचारलं, जुन्या वाहिनीच्या आहेत त्याच मनोऱ्यांवर जास्त तापमान सोसणाऱ्या, कमी झोळ पडणाऱ्या तारा ओढल्या तर? जवळपास दुप्पट वीज वाहू शकते. टेबलामागच्या अभियंत्याने चष्मा काढून पुसला. "तो पर्याय अभ्यासात आहे." अहवाल चाळला. भूमिगत केबल किती महाग यावर पानभर मजकूर, तारा बदलण्याबद्दल चकार शब्द नाही. दुसरा स्टार त्या अभियंत्याला, निदान ओशाळला तरी.

हरकतीचा अर्ज आपणहून कुणी देत नाही. मागून घ्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय उठू नका.