सहभागी निरीक्षण की समुदाय-सहभागी संशोधन? लैंगिक अल्पसंख्याकांच्या आरोग्याचा अभ्यास आखताना

लैंगिक अल्पसंख्याकांच्या आरोग्याचा एथ्नोग्राफिक, म्हणजे माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यात मिसळून करायचा, अभ्यास आखणाऱ्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात. पहिल्यात संशोधक दीर्घकाळ समुदायात वावरून निरीक्षण करतो आणि टिपणे ठेवतो. दुसऱ्यात समुदायातील माणसे प्रश्न ठरवण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत स्वतःच संशोधक असतात. निवड करताना बहुधा वेळ आणि पैसा पाहिला जातो. माझ्या मते त्याआधी हे पाहावे, की जमलेली माहिती भलत्याच्या हाती पडली तर झळ कोणाला बसेल.

सहभागी निरीक्षणाचे बळ माणसाचे सांगणे आणि वागणे यांतील अंतर टिपण्यात आहे. नोंदणीच्या खिडकीवर लिंगाचा रकाना भरायची वेळ येताच पारलिंगी व्यक्ती तपासणी न करताच का परतते, हे प्रश्नावलीतून क्वचितच उमगते. त्यासाठी दवाखान्यात बसून पाहावे लागते. मात्र याच पद्धतीचा इतिहास सावध करणाराही आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी १९६०च्या दशकात सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांच्या आपसांतील लैंगिक संबंधांचे निरीक्षण केले, त्यांतील अनेकांच्या गाड्यांचे क्रमांक टिपून पत्ते मिळवले आणि पुढे वेश बदलून, आरोग्याच्या सर्वेक्षणाचे निमित्त सांगत, त्यांच्या घरी मुलाखती घेतल्या. यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुष विवाहित होते, हा निष्कर्ष पूर्वग्रहांना छेद देणारा होता. परंतु असे संबंध तेव्हा तेथे गुन्हा असताना संमतीविना ठेवलेली ती यादी कोणाचेही आयुष्य उद्ध्वस्त करू शकली असती.

समुदाय-सहभागी संशोधनामागे वेगळा आग्रह आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सबाधितांनी आपल्याविषयीच्या निर्णयांत स्वतःच्या सहभागाची मागणी केली, आणि तीच भूमिका आरोग्य-संशोधनातही रुजली. येथे मुळात प्रश्नच बदलतात : निधी देणाऱ्याला एचआयव्हीविषयी जाणून घ्यायचे असते, तर समुदाय एकटेपणा, संप्रेरक-उपचार किंवा समलिंगी स्त्रियांची राहून जाणारी गर्भाशयमुखाची तपासणी पुढे आणतो. तरीही आपला माणूस मुलाखत घेणार म्हणजे गोपनीयता आपोआप जपली जाईल, हे गृहीतक भाबडे आहे. लहान वर्तुळात मुलाखत घेणारा हा सांगणाऱ्याच्या पूर्वीच्या जोडीदाराचा मित्रही असू शकतो, आणि तेव्हा अनोळखी संशोधकच अधिक सुरक्षित वाटतो. शिवाय समुदायाच्या संस्थांच्या संपर्काबाहेरची, ओळख लपवून जगणारी माणसे या पद्धतीत सहज निसटतात.

समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली, सहभागींनीच कूपन देऊन ओळखीच्यांना अभ्यासात आणण्याची नमुनापद्धत ही उणीव काहीशी भरून काढते. पण ती एथ्नोग्राफी नव्हे, आणि कोण कोणाला ओळखतो याचे आधी क्षेत्रकार्य केल्याशिवाय ती नीट चालतही नाही.

आरोग्यसेवेतील वागणूक अभ्यासायची असेल, तर ओळख उघड ठेवून केलेले निरीक्षण निवडावे. कायदा प्रतिकूल असेल किंवा प्रश्नच अद्याप धूसर असतील, तर समुदाय-सहभागी मार्ग घ्यावा. मात्र सहसंशोधकांचे मानधन, मुलाखत घेणारा नाकारण्याचा सहभागीचा हक्क, माहितीची मालकी आणि टिपणे नष्ट करण्याची मुदत यांचा लेखी करार पहिल्या मुलाखतीपूर्वी झालेला असावा.