व्हॉली की ड्रॉप: सर्व्हिस कोणती घोटावी?

पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टवर, पॅडल नावाच्या बॅटनं खेळायचा टेनिससारखा खेळ. त्यात सर्व्हिसला दुसरी संधी नाही, आणि जुन्या पद्धतीच्या स्कोअरिंगमध्ये पॉइंट मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्यालाच. म्हणजे नेटमध्ये गेली की कमावायची वेळच गेली. सर्व्हिस दोन तऱ्हेची: व्हॉली, म्हणजे बॉल टप्पा न पडू देता हवेतच मारायचा, आणि ड्रॉप, म्हणजे टप्पा पडू देऊन मारायचा. दोन्हींतली एक पकडून तीच घोटलेली बरी. मी आधी वर्षभर व्हॉली घोटली.

व्हॉलीला जोर आहे, यात वाद नाही. आमच्या प्रतापनगरच्या ग्रुपमधली कॉलेजची पोरं अशी खोल मारतात की समोरचा बेसलाइनमागेच अडकतो. पण हात खालून वर यायला हवा, बॉल कमरेखाली लागायला हवा, पॅडलचं डोकं मनगटाच्या वर नको. आता पन्नाशीतल्या माणसाची कमर नेमकी कुठे सुरू होते? गेम आठ-आठवर आला की पलीकडून ठरलेलं वाक्य: "काका, कमरेच्या वरून मारून राहिले तुम्ही!" अंपायर नाही, व्हिडिओ नाही. मी वाद घालायचो, कधी जिंकायचोही, आणि लगेचची सर्व्हिस हमखास किचनमध्ये, म्हणजे नेटजवळच्या पट्ट्यात पडून फुकट जायची. हात ठीक होता हो, डोकं ठिकाणावर नसायचं.

ड्रॉपला हे तिन्ही नियम लागूच नाहीत. 2021 मध्ये ती प्रयोग म्हणून नियमांत आली, पुढच्या वर्षी कायम झाली. बॉल हातातून नुसता सोडायचा. वर उडवायचा नाही, खाली आपटायचा नाही. टप्पा पडला की मारायचा. कमरेचा विषयच संपला.

तोटे आहेत. बॉल जेमतेम गुडघ्यापर्यंत येतो, वाकावं लागतं, जोर कमी पडतो. डिसेंबरच्या गार सकाळी तर तो उसळतच नाही. मे महिन्यात साडेसहालाच चांगला वर येतो, की पुन्हा अंदाज बसवा. आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर कोर्ट आखलं असेल तर ड्रॉपच्या नादी लागू नका. सांध्यावर पडलेला बॉल कुठे जाईल, त्याचं त्यालाच माहीत.

टूर्नामेंट खेळायची असेल, खांदा शाबूत असेल, तर व्हॉली शिका. मी नको म्हणणार नाही. माझ्या मात्र आता दहापैकी नऊ आत पडतात, आठ-आठवरसुद्धा. परवा तोच कमरेवाला पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मलेबी दाखवा न, कसं सोडता ते."