‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’: एलपी घ्यावी की फोनवरच ऐकावा?

भाचीने इंदूरच्या घरी आजोबांचा एलपी रेकॉर्ड (मोठ्या तबकड्या) वाजवायचा टर्नटेबल दुरुस्त करून घेतला आणि विचारलं, “मावशी, पिंक फ्लॉइडचा हा अल्बम एलपीवर घेऊ?” या ब्रिटिश रॉक बँडचा १९७२चा हा अल्बम मीही इतकी वर्षं ओलांडून थेट त्यांच्या १९७३च्या गाजलेल्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’कडे जात आले. एका फ्रेंच सिनेमासाठी केलेलं काम म्हणून सोडून दिलेला. केवढी चूक!

खर्चात फोन सरळ जिंकतो. एका नव्या एलपीच्या पैशात कित्येक महिन्यांचं सबस्क्रिप्शन होतं. टिकाऊपणाचं म्हणाल, तर एलपी नीट सांभाळली तर पिढ्या पुरते. पण आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीलगतच्या खोलीत ठेवली तर वाकते. ती उभीच ठेवायची, सुईही वेळेवर बदलायची.

खरा फरक ऐकण्यात आहे. फोनवर मी ‘फ्री फोर’ची हलकी चाल ऐकून पुढे सरकायचे, त्यातले शब्द म्हातारपणाचे, मरणाचे आहेत हे कळलंच नाही. एलपीवर ‘मडमेन’नंतर उठून बाजू उलटावी लागते, मग ‘चाइल्डहूड्स एंड’. दहा गाणी, चाळीसेक मिनिटं, मध्ये सुटका नाही. शेवटी न्यू गिनीतल्या आदिवासींचं गाणं येतं, तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही.

अजून ओळखच व्हायची असेल, किंवा रोज बसमध्ये ऐकणार असाल, तर फोन. तीनदा ऐकूनही परत ओढ लागत असेल, तर एलपी. भाचीला सांगितलं: आधी महिनाभर फोनवर.