शुक्रवारचा वचन-अभ्यास : आठ महिने बसले, आता लिहिते

३४ वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. शुक्रवार काय नि रविवार काय, ड्युटी लागली की जायचं. त्यामुळे बायबल अभ्यासाला नियमाने बसायला मिळालं ते निवृत्तीनंतरच. नाशिकमध्ये अशा तीन ठिकाणी मी बसून पाहिलं. दोन ठिकाणी एकजण बोलतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. उपासनेत ते चालतं, पण त्याला अभ्यास म्हणत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी मी गेल्या पावसाळ्यापासून जाते आहे, आणि हे लिहिते आहे ते त्याच्याबद्दल. मंडळीचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण चांगल्याबरोबर खटकलेलंही सांगणार आहे. ज्यांना यायचं असेल ते शहरातल्या कुणाही ओळखीच्या ख्रिस्ती माणसाला विचारून येतीलच.

दर शुक्रवारी साडेसहा ते आठ. जुन्या दगडी मंदिराच्या मागच्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसतात. फी नाही, नावनोंदणी नाही, बाप्तिस्मा झालाय का असं कुणी विचारत नाही. शेवटी चहा आणि खारी. चालवणारे आहेत ते निवृत्त पाळकसाहेब, सत्तरी ओलांडलेले. आवाज बारीक आहे, पण कान तिखट.

पद्धत अशी. ठरलेला उतारा तीनदा मोठ्याने वाचतात, तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या प्रतींतून. एक प्रत बायबल सोसायटीची नेहमीची. दुसरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’. आमच्यातल्या एक कॅथलिक ताई ते पिशवीतून आणतात. तिसरी आहे पंडिता रमाबाईंचं भाषांतर. ते केडगावला वाढलेल्या एका आजींकडे आहे, आणि त्या ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत, स्वतःच वाचतात. रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांनीच केडगावला उभ्या केलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. साध्या, कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून केलेलं ते मराठी आजी वाचतात तेव्हा मला अजून अंगावर काटा येतो.

तीन वाचनं झाली की दोन मिनिटं सगळे गप्प. मग पाळकसाहेब एकच विचारतात, “कुठला शब्द अडला?” अर्थ काय, संदेश काय, हे आधी नाही. शब्द अडला की तिथून चर्चा निघते. एकदा बोललेल्याने बाकीच्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा बोलायचं नाही, हा नियम आहे. पाळकसाहेब सगळ्यांच्या शेवटी बोलतात. ही एवढी साधी रचना मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही, आणि या वर्गाची सगळी ताकद तिच्यात आहे.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही बायबलमधले द्राक्षमळ्याचे उतारे घेतले. नाशकात त्याहून योग्य विषय कुठला असणार? यशयाचा पाचवा अध्याय, मत्तयाचा विसावा, मार्काचा बारावा, योहानाचा पंधरावा. मार्काच्या बाराव्यात मळ्याच्या मालकाने काय बांधलं, यावर अर्धा तास गेला. कुणाच्या प्रतीत बुरूज, कुणाच्या प्रतीत माळा. माळा म्हटल्यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या माणसांना गोफण घेऊन पाखरं हाकणारं पोरच दिसतं. बुरूज म्हटलं की किल्ला डोळ्यांपुढे येतो आणि गोष्ट लांब जाते.

पण मला सविस्तर सांगायचंय ते मत्तयाच्या विसाव्याबद्दल. मालक पहाटे अड्ड्यावर जाऊन मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. माझ्याकडे आहे ती आईची जुनी प्रत. तिच्यात मजुरी ‘रोजचा रुपया’ अशी आहे. कॉलेजातल्या एका मुलाने सरळ विचारलं, “एका रुपयात दिवसभर कोण राबेल?” मग निघालं की मूळ शब्द दिनार, आणि एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ती भीक नाही आणि बक्षीसही नाही. घरातली चूल एक दिवस पेटेल एवढे पैसे.

माझी आई निफाड तालुक्यात द्राक्षाच्या विरळणीला जायची. १९७८ साली बाईमाणसाला तीन रुपये रोज होता, गड्याला पाच. मी १४ वर्षांची होते. तिला वाचता येत नव्हतं, रात्री मी वाचायचे आणि ती ऐकायची. हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ही बोधकथा, आली की ती म्हणायची, “असा मालक मी नाही पाहिला.” हे मी वर्गात सांगितलं आणि विचारलं, की बाईचा रोज आजही गड्यापेक्षा कमी असतो, तर या दाखल्यातून आपण मालकांना काय सांगायचं? त्या दिवशी मात्र पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, हा दाखला स्वर्गाच्या राज्याचा आहे, रोजगाराचा नाही, आध्यात्मिक अर्थ धरा. आणि पुढच्या वचनाकडे वळले. माझा चेहरा उतरला. चहाला न थांबता मी घरी गेले, आणि आता पुरे असं मनाशी ठरवलं.

पुढच्या शुक्रवारी केडगावच्या आजींनी फोन करून बोलावलं म्हणून गेले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी ठरलेला उतारा घेतला नाही. जुन्या करारातल्या लेवीयाच्या १९ व्या अध्यायातलं तेरावं वचन उघडायला सांगितलं : मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नकोस. मग जुन्या करारातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातलं, की त्याचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्याच्यावर लागलेलं असतं. मग म्हणाले, “गेल्या वेळी सिस्टरबाईंना मी घाईने थांबवलं. येशूने ही गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांना हे नियमशास्त्र पाठ होतं. संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी द्यायला सांगणारा मालक त्यांनी लगेच ओळखला असेल. मजुरी बाजूला काढली तर स्वर्गाचं राज्य कशासारखं आहे, हेच कळत नाही.” एवढं बोलून त्यांनी माझा प्रश्न पुन्हा सगळ्यांपुढे ठेवला. इतक्या वर्षांत व्यासपीठावरच्या माणसाने असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी खरं बोलल्या त्या सुरगाण्याकडच्या एक मावशी. टोळीबरोबर दिंडोरीला कामाला येतात, आणि हंगामात मुक्काम इकडे असला की वर्गाला बसतात. त्या म्हणाल्या, “पाच वाजता अड्ड्यावर कोण उरतं, ते बघा ना. मुकादम आधी धडधाकट उचलतो. मग उरते म्हातारी, पोटुशी, आणि जिच्या कडेवर पोर आहे ती. आळशी म्हणून नाही उरत कुणी.” वचनातही तेच आहे : आम्हांला कोणी कामावर लावलं नाही. हजारदा ऐकलेलं हे उत्तर मी आजवर सबब समजत होते. मावशींनी सांगितल्यावर मला वॉर्डातल्या त्या बायका आठवल्या, ज्या कळा सुरू होईपर्यंत काम शोधत उन्हात उभ्या असायच्या. आणखी एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली : मालकाकडे कारभारी होता, तरी दिवसातून पाच वेळा अड्ड्यावर तो स्वतः गेला.

मालकाच्या शेवटच्या वाक्यातला डोळाही त्याच दिवशी निघाला. ग्रीकमध्ये मालक विचारतो ते शब्दशः असं : मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? ‘दृष्ट लागते ती हीच का?’ असं कॅथलिक ताईंनी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, हिब्रू बोलीत वाईट डोळा म्हणजे दुसऱ्याला मिळालेलं न बघवणं, हात आखडता घेणं. अनुवादाच्या १५ व्या अध्यायातही तो तसाच येतो. मग दृष्ट काढण्याचा विषय निघाला आणि जरा भरकटला, पण तेही हवंच.

योहानाचा पंधरावा अध्याय आम्ही तीन शुक्रवार घेतला. मी द्राक्षवेल, माझा पिता माळी. त्या वेळी पिंपळगावकडचे एक बागायतदार अण्णा मुद्दाम बोलावून आणले होते. ते ख्रिस्ती नाहीत, पण अगदी मन लावून बसले. त्यांनी समजावलं : आपल्याकडे वेलीला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, माल एकदाच. कापलेल्या काडीच्या तोंडातून पाणी ठिबकतं. नव्या माणसाला वाटतं वेल रडते, पण छाटली नाही तर नुसता पाला माजतो, घड येत नाहीत. “माळी रागाने कापत नाही, मोजून कापतो. काडीवरचा कुठला डोळा ठेवायचा ते त्याला माहीत असतं,” असं ते म्हणाले, तेव्हा हॉलमध्ये एकदम शांतता झाली. मला वाटतं बऱ्याच जणांना आपापली कापलेली काडी आठवली असेल. मला माझ्या नवऱ्याचं जाणं आठवलं. पण कुणी त्यावरून कुणाचं सांत्वन करायला धावलं नाही, हे बरं झालं.

मग फळ न देणारा फाटा आला. अण्णा सहज म्हणाले, “त्याला आम्ही वांझ फूट म्हणतो. ती काढावीच लागते.” माझ्या शेजारी बसणाऱ्या एका ताईंना मूल नाही. त्या आठ महिन्यांत फारसं बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “वचनात वांझ शब्द नाही. फळ न देणारा असं आहे. फळ म्हणजे लेकरूच, असं कुठं लिहिलंय?” त्यांचा आवाज कापत होता. अण्णांनी हात जोडले, “ताई, शेतातला शब्द आहे, चुकला.” मग पाळकसाहेबांनी त्याच अध्यायातलं पुढचं वचन वाचायला लावलं, एकमेकांवर प्रीती करा हे, आणि फळ कोणतं ते अध्यायातच शोधायला सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की ‘काढून टाकतो’साठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ ‘उचलतो’ असाही होतो. काहीजण म्हणतात की जमिनीवर लोळणारा फाटा माळी उचलून वर घेतो, असं वाचावं. पण पुढे सहाव्या वचनात वाळलेले फाटे अग्नीत टाकतात असंही आहे, ते लपवून चालणार नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एकमत झालं नाही. वॉर्डात वांझ हा शब्द सासवांच्या तोंडून मी किती वेळा ऐकला आणि किती वेळा गप्प बसले, ते त्या रात्री झोपेपर्यंत डोक्यात होतं.

आता खटकलेलं. साडेसहा म्हणतात आणि सुरू होतं सात वाजता. लांबून येणाऱ्या बायकांची शेवटची बस त्यामुळे चुकते आणि चर्चा ऐन रंगात असताना त्यांना उठावं लागतं. सुरगाण्याच्या मावशी दोनदा अशा अर्ध्यातून गेल्या, आणि त्या गेल्यावर चर्चेतला जीवच गेला. वेळ पाळलीच पाहिजे, हे मी तोंडावरही सांगितलंय. हॉलला चार उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही, गुडघेदुखीवाल्यांना कुणाचा तरी हात धरावा लागतो. एका शुक्रवारी बाहेरचे एक प्रचारक आले आणि सव्वा तास एकटेच बोलले. त्या दिवशी तीन वाचनं नाहीत, अडलेला शब्द नाही, काहीच नाही. असे पाहुणे रविवारी बोलवावेत. यशयाचा पाचवा एका बैठकीत उरकला, चांगली वेल लावूनही मळ्याला रानद्राक्षं का लागली या प्रश्नाला हातच लागला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आणि बायकांच्या खुर्च्या आपोआप दाराकडच्या बाजूला जातात. गोल असला तरी त्या गोलाला पुढची आणि मागची बाजू आहे.

ज्यांना तयार उत्तर हवंय त्यांना इथे चैन पडणार नाही. कित्येकदा प्रश्न घेऊनच घरी जावं लागतं. लहान मुलांची सोय नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मात्र जरूर यावं, कारण तीनदा ऐकलं की वचन पाठ होतं, आणि ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याइतकाच मान आहे. माझ्या आईला असा वर्ग मिळाला असता तर ती पुढच्या खुर्चीत बसली असती.

येत्या शुक्रवारपासून बायबलमधलं रूथचं पुस्तक सुरू होतंय. पहिल्या अध्यायात फार वेळ घालवणार नाही म्हणतात, कारण सगळ्यांना दुसऱ्याची ओढ आहे : रूथ बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे गळून राहिलेली कणसं, वेचायला जाते तो. सुरगाण्याच्या मावशींनी लहानपणी सरवा वेचलाय, त्यांना आधीच सांगून ठेवलंय. या वेळी मी त्यांना माझ्या घरी मुक्कामाला थांबवून घेणार आहे, म्हणजे बसची घाई नको.