स्टॅटिक आयपी घ्यावा की बदलता पत्ता पुरे? सोलापुरातील घर आणि कारखान्यासाठी तुलना

जुळे सोलापुरातील घराचे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याचे फायबर कनेक्शन एकाच वेगाचे असले, तरी दोघांची आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकाची, गरज सारखी नसते. स्टॅटिक आयपी म्हणजे कायम तोच राहणारा पत्ता.

बदलता पत्ता म्हणजे दर तासाला बदलणारा पत्ता नव्हे. कंपनी आपल्या साठ्यातील एक पत्ता राउटरला ठरावीक मुदतीसाठी देते आणि राउटर चालू असेपर्यंत ती मुदत वाढवली जात असल्याने तोच पत्ता कित्येक दिवस टिकू शकतो. मात्र वीज गेली आणि राउटर पुन्हा जोडला गेला, की नवा पत्ता मिळण्याची शक्यता असते. अभ्यास, चित्रपट, व्हिडिओ कॉल यांना त्याने काहीही फरक पडत नाही. घरासाठी स्टॅटिक आयपीवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण पत्ता बदलण्यापेक्षा तो सामायिक असण्याची आहे. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे 429 कोटीच पत्ते आहेत, आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल 2011 मध्येच अखेरच्या टप्प्यावर आला. त्यामुळे अनेक कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण बहुधा त्यातच आहोत आणि बाहेरून आत येणारी जोडणी पोर्ट फॉरवर्ड करूनही (ती आतल्या ठरावीक यंत्राकडे पाठवायला राउटरला सांगूनही) चालणार नाही. पत्ता सार्वजनिक पण बदलता असेल, तर बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव जोडून देणारी डीडीएनएस सेवा वापरून काम भागते. सीजीनॅटमागे तीही निरुपयोगी ठरते.

कारखान्याच्या सर्व्हरवरील टॅली चाटी गल्लीतल्या पेढीतून व्हीपीएनने (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीने) उघडायची असेल, किंवा समोरची यंत्रणा नोंदवलेल्या पत्त्यावरूनच प्रवेश देत असेल, तर मात्र स्टॅटिक आयपीचे जादा शुल्क सार्थकी लागते. केवळ कॅमेरे मोबाइलवर पाहण्यासाठी ते भरण्याआधी थांबावे, कारण आजचे बहुतेक कॅमेरे स्वतःच उत्पादकाच्या क्लाउडशी जोडले जातात. शिवाय कायम तोच पत्ता म्हणजे हल्लेखोरांनाही कायमचे लक्ष्य. मूळ पासवर्ड न बदलता डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे हा मोठा धोका आहे, आणि व्हीपीएनमधूनच आत येणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, परंतु दोन्ही टोकांना ते असावे लागते आणि तेथेही मिळालेला पत्ता बदलू शकतो.

स्टॅटिक आयपी घेताना तो आयपीव्ही४चा व सार्वजनिक आहे ना, आणि प्लॅन किंवा जागा बदलल्यास तोच राहील का, हे लेखी विचारून घ्यावे. तो पत्ता सहसा कंपनीचाच असतो, त्यामुळे कंपनी बदलली की तो जातो. म्हणून पेढीतील संगणकांवर आकडे न भरता डोमेन नाव भरावे, म्हणजे पुढे एकाच ठिकाणी बदल करून भागेल.