पोर्ट ब्लेअर की हॅवलॉक?

भाचीला अंदमानात वर्षभर राहायचंय. घर पोर्ट ब्लेअरला घ्यावं की हॅवलॉकला, यावर अडलीय. (कागदोपत्री आता श्री विजयपुरम आणि स्वराज द्वीप.)

वाणसामान दोन्हीकडे मुख्यतः बोटीनेच येतं, पण हॅवलॉकला बहुतेकदा आणखी एक बोट बदलून. समुद्र खवळला की फेरी रद्द. मग दुकानदाराचं ‘उद्या या’ म्हणजे बोट आली तर उद्या! पुण्यातली दुपारची बंद दुकानं ज्यांनी पचवली, त्यांना हे जड जाऊ नये. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे कामं सकाळीच उरकायची. मोठं सरकारी रुग्णालय मात्र पोर्ट ब्लेअरलाच.

लहान मूल, नेहमीची औषधं, कचेरीतले हेलपाटे असतील तर पोर्ट ब्लेअर. एकटी असशील, डायव्हिंग शिकायचं असेल आणि पंधरवड्याचा किराणा भरून ठेवता येत असेल, तर हॅवलॉक.